दादाच्या विभागातली शाई

मेल्यानंतर माणूस कुठे जातो, या प्रश्नापुढे भल्याभल्यांनी हात टेकले आहेत. त्याचा प्रिंटर कुठे जातो, हे मात्र आता खात्रीनं सांगता येतं. तो धाकट्या भावाकडे जातो. बोटीनं जातो, दोन महिने लावतो, आणि त्याची वायर मागेच राहते.

या प्रकरणातल्या धाकट्या भावाचं वय बासष्ट होतं, तरी घरीदारी सगळे त्यांना धाकटेच म्हणत. विमा कंपनीत त्यांनी एकतीस वर्षं दावे तपासले होते. जळालेली गोदामं, चोरीला गेलेल्या गाड्या, जिन्यावरून घसरलेली माणसं. हे सगळं खरंच जळलं, गेलं, घसरलं का ते पाहायचं आणि शक्यतो नाही म्हणायचं, असं त्यांच्या कामाचं स्वरूप होतं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी सवय सुटली नव्हती. बायकोनं "डोकं दुखतंय" म्हटलं तरी ते आधी "कधीपासून?" आणि मग "तेव्हा आणखी कोण होतं?" असं विचारत.

थोरला भाऊ, म्हणजे दादा, तीस वर्षं समुद्रापलीकडे राहत होता. पाच महिन्यांपूर्वी तो तिकडेच वारला. त्याआधी अकरा वर्षं दोघांचा अबोला होता. कारणही तसंच होतं. एकदा सुट्टीवर आला असताना, धाकटे ऑफिसात गेलेत असं पाहून दादानं पुढच्या खोलीतलं लाकडी कपाट खिडकीपासून हलवून समोरच्या भिंतीला लावलं. "उजेड येतो," एवढंच त्याचं म्हणणं. धाकट्यांनी संध्याकाळी घरी येऊन, एक शब्द न बोलता, कपाट पुन्हा खिडकीशी ओढलं. दादा ठरल्यापेक्षा दोन दिवस आधीच परत गेला. तेव्हापासून धाकटे म्हणत आले होते, "पहिला शब्द त्यानं टाकावा, मी पुढचे चार टाकीन." ते चार शब्द त्यांच्याजवळ अकरा वर्षं तयार होते. दादा गेल्याचा फोन आला तेव्हा फोन ठेवून ते बायकोला म्हणाले, "बोलला नाहीच शेवटी."

प्रिंटरच्या खोक्यात वहिनीची चिठ्ठी होती. 'हा भाऊजींकडे पाठव, असं शेवटच्या आठवड्यात दोनदा म्हणाले. का, ते सांगितलं नाही.'

नवी वायर आणून धाकट्यांनी प्रिंटर कपाटाशेजारच्या तिपाईवर मांडला आणि बटण दाबलं. बोटभर रुंदीचा निळा पडदा उजळला. त्यावर अक्षरं आली.

'१ कागद छपाईच्या प्रतीक्षेत.'

आणि खाली, 'नाव : पत्र. पानं : १. शाई : नाही.'

"पत्र!" बायको खुर्चीत बसलीच. "अहो, दादांनी छापायला दिलं असणार, आणि तसंच आत राहिलं असणार."

"शक्यता आहे."

"तुम्हालाच लिहिलंय. नाहीतर मशीन तुमच्याकडे कशाला धाडायला सांगतील?"

"पुरावा काय?" धाकटे म्हणाले. पण त्यांचा हात प्रिंटरच्या पाठीवर होता आणि तो त्यांनी बराच वेळ काढला नाही.

दुपारी चारला दहा कमी असताना, पुढच्या खोलीत कोणी नसताना, मशीन आपोआप जागं झालं. आधी आत काहीतरी सरकलं. मग घसा साफ केल्यासारखा आवाज आला. दोन आखूड, एक लांब. स्वयंपाकघरात बायकोच्या हातातली बशी हातातच राहिली. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा दादा इथेच राहत होता आणि रोजची सकाळ याच खाकरण्यानं सुरू व्हायची. दोन आखूड, एक लांब. ती दाराशी येऊन पाहते तो मशीनच्या तोंडातून एक कागद सावकाश बाहेर आला, क्षणभर लटकला आणि जमिनीवर पडला. कोरा.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच, मिनिटाचाही फरक नाही.

चौथ्या दिवशी धाकट्यांनी रीतीप्रमाणे फाईल उघडली. 'वेळ : ३.५०. खाकरणं : तीन. कागद : एक, कोरा. साक्षीदार : पत्नी (विश्वासार्हता मध्यम).' कागद त्यांनी दिव्यासमोर धरून पाहिला. खालच्या उजव्या कोपऱ्यात, अंगठा दाबून धरल्यावर पडतो तसा पुसट खळगा होता. 'रोलरची खूण,' असं त्यांनी लिहिलं. थोड्या वेळानं पुढे 'असावी' घातलं.

मग ते शाई आणायला खाली उतरले.

इमारतीच्या तळाशी वह्यापुस्तकांचं दुकान होतं. दुकानदारानं नंबर न विचारताच मागच्या फळीवरून कार्ट्रिज काढलं. "काय साहेब, संपली एवढ्यात?"

"काय संपली?"

"मागं चार नेलीत की हीच."

"मी तुमच्याकडून आजवर शाई नेलेली नाही."

"असं काय करता साहेब! साताठ महिने झाले असतील. इथंच उभे होतात. चेहरा उतरलेला होता. मी म्हटलं, बरं नाही का? तर म्हणालात, प्रवासाचा शीण. मला वाटलं, तिसऱ्या मजल्यावरून खाली यायला कसला आलाय प्रवास! पण मोठ्या माणसांना कोण विचारणार?"

धाकट्यांच्या अंगातला तपासनीस ताठ झाला. "चष्मा होता?"

"होता."

"असाच?"

"चष्म्यासारखा चष्मा होता."

"आवाज?"

"हाच की. आत्ता बोलताय तोच." दुकानदार जरा पुढे झुकला. "एक मात्र लक्षात राहिलं. पिशवी घेऊन तुम्ही समोरच्या फुटपाथवर गेलात आणि वर बघत राहिलात. खूप वेळ. तुमच्याच खिडकीकडं. आता खिडकी कसली, कपाटाची पाठ दिसते तिथं. तरी बघत होतात."

भर दुपारी धाकट्यांच्या मानेवरून गार वारा गेल्यासारखं झालं. वर आल्यावर त्यांनी फाईलमध्ये लिहिलं, 'दुकानदार : नजर कमजोर.' या वाक्याचा त्यांना आधार वाटला.

कार्ट्रिज खाचेत टक्कन बसलं. पडदा उजळला. 'हे कार्ट्रिज या विभागातलं नाही.'

"या विभागातलं नाही?" धाकटे ओरडले. "खालच्या दुकानातलं आहे! आणखी किती जवळचं हवं याला?"

बायको पडद्याकडे पाहत होती. "अहो," ती हळूच म्हणाली, "त्याला आपला विभाग म्हणायचा नाहीये. ते अजून तिकडेच आहे."

कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला तर पहिल्याच घंटेला तो उचलला गेला. आधी ही बटणं दाबा, मग ती दाबा, असं काही नाही. संगीत नाही. एका बाईचा आवाज आला, मोठ्या रिकाम्या सभागृहात एकटीच बसून बोलत असावी असा.

"आम्ही जगाचे विभाग केलेत," ती म्हणाली. "मशीन ज्या विभागात विकलं जातं, त्याच विभागातली शाई त्याला चालते."

"शाई दोन्हीकडे काळीच ना?"

"काळीच."

"मग फरक काय?"

"विभागाचा."

"बरं. आणि हे मशीन रोज दहा कमी चारला खाकरतं, त्याचं काय?"

"त्याचं घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे. त्यात तेव्हा त्याच्या विभागातले सकाळचे आठ वाजतात. रोज आठला ते आपली नळी साफ करतं आणि चाचणीचा कागद सोडतं. शाई नसेल तर कागद कोरा येतो."

धाकट्यांच्या जिवात जीव आला. फोनवर हात ठेवून त्यांनी बायकोला विजयी मुद्रेनं सांगितलं, "ऐकलंस? तिकडे तेव्हा सकाळचे आठ वाजतात!"

"मग मी काय म्हणतेय?" बायको म्हणाली. "दादा आठलाच उठायचे."

धाकट्यांनी फोनवरचा हात काढला. "यावर उपाय?"

"मशीनचा विभाग बदलता येईल. त्यासाठी मालकांनी स्वतः बोलायला हवं."

"मालक वारले."

"हरकत नाही. त्यांच्याकडे फोन द्या."

"अहो बाई, वारले म्हणजे नाहीत."

"मग ते घरी कधी असतात?"

धाकट्यांनी फोन ठेवला. खोलीत दोन येरझारा घातल्या. दुसऱ्याच्या नावानं बोलणारी त्रेचाळीस माणसं त्यांनी एकतीस वर्षांत पकडली होती आणि एकाचीही गय केली नव्हती. मग त्यांनी पुन्हा फोन लावला. पुन्हा पहिल्याच घंटेला उचलला गेला आणि पुन्हा तीच बाई.

"बोला."

धाकट्यांनी घसा साफ केला. मुद्दाम केलं नव्हतं, पण झालं. दोन आखूड, एक लांब. "मी मालक बोलतोय."

बायको भिंतीला टेकली. आवाज हुबेहूब होता.

"ओळख पटवण्यासाठी आपणच नोंदवलेला एक प्रश्न विचारते. तीन संधी मिळतील. लहानपणीचा आपला सर्वांत जवळचा सोबती कोण?"

"पोपट," धाकटे म्हणाले. पोपट हा दादाच्या वर्गातला मुलगा, त्याच्याबरोबर तो नदीवर जायचा.

"नाही."

"मग... मास्तर." मास्तर हा शेजारचा, सोळाव्या वर्षीच मिशा ठेवलेला.

"नाही. एक संधी शिल्लक आहे."

धाकट्यांनी फोनवर हात ठेवला. बायको जवळ येऊन कुजबुजली, "तुमचं सांगा की."

"माझं कशाला असेल?"

"सांगून तर बघा. हे गेलं तर सगळंच जाईल."

लहानपणी धाकटे जेवताना दोन्ही गाल भरून ठेवत, म्हणून दादानं त्यांना एक नाव ठेवलं होतं. ते दुसरं कोणी घेत नसे. गेल्या अकरा वर्षांत ते कोणीच घेतलं नव्हतं. धाकट्यांनी फोनवरचा हात काढला. "खारू."

"धन्यवाद. ओळख पटली."

पलीकडे कळांची टकटक झाली. इकडे धाकटे खिडकीतल्या कपाटाकडे पाहत राहिले.

"हॅलो? आपण आहात ना?"

"आहे."

"मालक आहेत, अशी नोंद करते. विभाग बदलाची विनंती घेतली आहे. आजपासून सातव्या दिवशी, मशीन जागं व्हायच्या वेळी बदल होईल. त्या वेळी आत साठलेले जुने कागद पुसले जातील."

"काय जातील?"

"पुसले जातील."

धाकटे उभे राहिले. "मग रद्द करा! आत्ताच्या आत्ता विनंती रद्द करा!"

"रद्द करायची असेल तर मालकांनी आपल्या मूळ विभागातून फोन करावा."

"मालकांना आता तिकडे जाता येणार नाही हो!"

"आत्ताच तर आलात," बाई शांतपणे म्हणाली. "राहा थोडे दिवस."

एवढं मात्र तिनं सांगितलं, की सात दिवसांच्या आत मूळ विभागातलं कार्ट्रिज बसवलं तर आतला कागद छापला जाईल. धाकट्यांनी घड्याळ पाहिलं, वार पाहिला. गुरुवार. म्हणजे पुढच्या गुरुवारी दहा कमी चारला, दादाचा जो काही शब्द या जगात उरला होता, तो जाणार होता. आणि त्याची तारीख धाकट्यांनी दादाच्याच आवाजात ठरवून दिली होती.

वहिनीला फोन केला. दादा गेल्यावर ती मुलीकडे राहायला गेली होती.

"इथून पाठवलं तर बारा दिवस लागतात, भाऊजी," ती म्हणाली. "आणि त्या मशीनचं नाव नका काढू. शेवटी शेवटी यांनी कुठूनतरी भलतीच कार्ट्रिज आणली, ती चालेनात. म्हटलं, चांगली आणा दुसरी. तर म्हणाले, कंपनीनं बदलून दिल्याशिवाय मी एक आणणार नाही. तुम्हाला ठाऊकच आहे स्वभाव."

"मला कसा ठाऊक असणार?"

"आरशात बघा जरा."

धाकट्यांनी ते सोडून दिलं. "वहिनी, आत एक पत्र अडकलंय. कोणाला लिहिलं असेल?"

"दार लावून लिहीत होते. मी चहा घेऊन गेले तेव्हा डोळे पुसत होते. विचारलं तर म्हणाले, स्क्रीनचा त्रास होतो."

त्या रात्री फाईलमध्ये काही लिहिलं गेलं नाही.

वरच्या मजल्यावर विमानात काम करणारी एक मुलगी राहत होती. तिला सगळी इमारत विमानवाली म्हणे. सकाळी धाकटे तिच्या दारात उभे राहिले.

"शनिवारी तिकडंच चाललेय काका," ती म्हणाली. "गुरुवारी दुपारी एकला घरी. आणते की. नंबर द्या."

धाकट्यांनी नंबर तीन कागदांवर लिहून दिला, एक तिच्या पर्ससाठी, एक बॅगेसाठी आणि एक "तुमच्या त्या टोपीत ठेवा" म्हणून.

"एवढं काय छापायचंय काका?"

"माहीत नाही," धाकटे म्हणाले. हे त्यांचं त्या आठवड्यातलं सर्वांत खरं विधान होतं.

सोमवारी बेल वाजली. दारात प्रिंटर कंपनीचा माणूस, हातात मोठं पाकीट. पाकिटावर दादाचं नाव आणि पत्ता या घराचा.

"साहेब आहेत का?"

बायकोनं आत पाहिलं, बाहेर पाहिलं. "म्हणजे... तसे आहेत."

"सही लागेल त्यांची."

धाकटे पुढे झाले. दादाची सही त्यांनी जन्मात कधी गिरवली नव्हती, पण हात आपोआप वळला आणि शेवटचं शेपूटही बरोबर वर गेलं. त्या सहीकडे ते इतका वेळ पाहत राहिले, की माणसाला पेन मागून घ्यावं लागलं. पाकिटात कोऱ्या कागदांची एक गड्डी होती आणि एक कार्ड. 'नव्या विभागात आपलं मनःपूर्वक स्वागत. इथलं आपलं वास्तव्य सुखाचं आणि दीर्घ होवो.' प्रिंटरचा पडदाही बदलला होता. 'मालक पोहोचले. ३ दिवस बाकी.'

"झालं," बायको म्हणाली. "आता कागदोपत्री आपण तिघं राहतो."

त्या दिवसापासून दहा कमी चारला ती तिपाईवर चहाचा कप ठेवू लागली.

"मशीनला चहा?"

"पाहुण्याला. सही तुम्हीच केलीत ना, आले म्हणून?"

फाईलमध्ये नोंद झाली, 'चहा : घट नाही.' दुसऱ्या दिवशीची नोंद होती, 'चहा : निम्मा.' आणि त्याखाली, प्रामाणिक माणूस असल्यामुळे, 'मी प्यालो.'

बुधवारी बायको बाजारात गेली असताना धाकटे प्रिंटरसमोर खुर्ची घेऊन बसले. कोऱ्या कागदांचा ढीग शेजारी होता. प्रत्येकाच्या कोपऱ्यात तोच खळगा, अगदी एका जागी.

"काय असेल ते सांगून टाक एकदा," ते म्हणाले. "शिव्या असल्या तरी चालतील."

पडद्यावर फक्त एक आकडा होता.

गुरुवारी एक वाजला, दोन वाजले. विमान उशिरा येत होतं. तीनला धाकटे जिन्यात जाऊन उभे राहिले. साडेतीनला ते रस्त्यावर होते. तीन एकेचाळीसला टॅक्सी थांबली. विमानवाली बॅग तिथेच टाकून, एका हातात बूट आणि दुसऱ्या हातात कार्ट्रिज घेऊन अनवाणी जिना चढली. मागून धाकटे.

कार्ट्रिज जाड प्लॅस्टिकच्या कवचात होतं. ते हातानं उघडेना. दातांनी उघडेना. बायको कात्री शोधायला धावली. कात्री होती, पण ती नवी होती आणि तशाच प्लॅस्टिकच्या कवचात होती. शेवटी विळीचा आधार घ्यावा लागला. तीन शेहेचाळीस. बायकोनं बोट कापून घेतलं, विमानवाली "घाला घाला" म्हणाली, धाकट्यांनी उलटं घातलं, काढलं, सुलटं घातलं.

टक्क.

पडदा बराच वेळ काळा राहिला. मग अक्षरं आली. 'ओळख पटली.'

मशीन खाकरलं. कागद आत ओढला गेला आणि एकेक ओळ करत बाहेर येऊ लागला. तिघंही वाकून पाहत होती. पहिली ओळ पूर्ण झाली.

'प्रति, तक्रार विभाग.'

"हे काय?" विमानवाली म्हणाली.

दुसरी ओळ आली. 'विषय : न चालणाऱ्या कार्ट्रिजबाबत.'

धाकटे सरळ झाले. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. अर्ज फेटाळला गेला की समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर काही नसतं, ते हजारदा पाहिलेलं काही नसणं आज त्यांच्या वाट्याला आलं होतं. तीन एकोणपन्नासला कागद सुटून तिपाईवर पडला. त्यांनी तो उचलला, तो केवळ सवयीनं. कुठलाही कागद ते शेवटपर्यंत वाचत.

'महोदय, मी गेल्या महिन्यात माझ्या जुन्या गावी गेलो होतो. कारण खाजगी आहे, परंतु तक्रार पूर्ण व्हावी म्हणून नमूद करतो. माझ्या धाकट्या भावाशी माझा अकरा वर्षे अबोला आहे. कपाट जड होते, तरी ते हलवणारा हात माझा होता आणि चूकही माझी. हे त्यास सांगण्यासाठी घरी दुसऱ्याच कामाचे निमित्त सांगून मी गेलो आणि तीन मजले चढून त्याच्या दारापर्यंत पोहोचलो. बेल वाजवणार तोच आतून त्याचा आवाज आला, "एकदा नाही म्हटलं ना! पुन्हा या दारात पाऊल ठेवू नका!" हे मला उद्देशून नसावे, कारण मी आल्याचे त्यास ठाऊक नव्हते. तरी पाऊल उचलवेना. खाली आलो. दुकानदार "काय देऊ?" म्हणाला. काहीतरी घेणे भाग होते, म्हणून आपल्या कंपनीची चार कार्ट्रिज घेतली. घरी आल्यावर मशीन ती ओळखत नाही. मला समोरासमोर बोलता येत नाही हे आता सिद्ध झाले आहे. भावाला पत्रच लिहायचे आहे. ते छापूनच पाठवावे लागेल, कारण माझे अक्षर लागत नाही असे तो मुद्दाम म्हणेल. करिता कार्ट्रिज त्वरित बदलून मिळावीत. प्रस्तुत तक्रारही त्याच कारणाने अद्याप छापता आलेली नाही.'

"काय लिहिलंय?" बायकोनं कापलेलं बोट तोंडातून काढून विचारलं. "कोणाला आहे?"

"कंपनीला."

"अगंबाई! म्हणजे तुम्हाला नाही?"

धाकट्यांनी कागद तिच्या हातात दिला आणि ते दाराशी गेले. दार उघडून त्यांनी बाहेरच्या पायपुसण्याकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं, आणि ते नसणं त्यांनी नीट, सगळ्या बाजूंनी पाहिलं.

"साताठ महिन्यांपूर्वी," ते पाठमोरेच म्हणाले, "'पुन्हा या दारात पाऊल ठेवू नका' असं मी कोणाला म्हणालो होतो?"

बायकोनं कागद संपवला, डोळे पुसले आणि आठवलं. "तो नाही का, पाणी साफ करायचं यंत्र विकणारा? आठवडाभर पिच्छा पुरवला होता त्यानं. त्याला फोनवर ओरडलात."

"मग घेतलं का आपण ते यंत्र?"

"घेतलं की. दुसऱ्याच दिवशी."

विमानवाली हळूच आपले बूट उचलून निघून गेली. मागे प्रिंटरचा पडदा एकदा मिटला आणि उघडला. त्यावर प्रतीक्षेत काहीच नव्हतं.

संध्याकाळी धाकट्यांनी फाईल काढली. कोरे कागद क्रमानं लावले, त्यांच्यावर पत्र ठेवलं. दादानं पहिला शब्द टाकला का, हा मुद्दा होता. टाकला होता, पण तो तिसऱ्याच पत्त्यावर, तक्रारीच्या रूपात, आणि त्याच्या हयातीत छापलासुद्धा गेला नव्हता. अशा कागदावर त्यांनी कोणालाही कधी काही दिलं नसतं. पेन उघडून ते इतका वेळ बसले, की बायकोनं दिवा लावला. मग त्यांनी फाईलच्या शेवटी दोन शब्द लिहिले, 'दावा मंजूर', खाली सही केली, आणि या वेळी ती त्यांची स्वतःची आली.

दुसऱ्या दिवशी दहा कमी चारला मशीन खाकरलं नाही. विभाग बदलल्यामुळे आता ते इथल्या आठलाच साफसफाई करतं. खालच्या दुकानातलं कार्ट्रिज त्यात नीट बसतं. छपाई स्वच्छ येते.